दुपारी तीन-दहाचा वाचक

२ सप्टेंबर, सोमवार

वाचनालयात रुजू झाले. तीन महिने तात्पुरती, मग कायम. ग्रंथपालबाई 'मग बघू' म्हणाल्या, पण चेहऱ्यावरून अर्थ तोच होता.

घरात मी पहिली पदवीधर. इतिहासात बीए, शिवाय संगणकाचा तीन महिन्यांचा कोर्स, शेरा 'समाधानकारक'. घरी सांगितलं की नोकरी जवळजवळ कायम आहे. 'जवळजवळ' जरा हळू म्हणाले. बाबा बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. हात धुवायच्या आधीच त्यांनी दोघांना फोन लावले.

काम: नवशिक्यांना ब्लॉग सुरू करून देणे. संकल्प: प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर, स्वतःचं सॉफ्टवेअर टाकून. तयार साइटवर खातं उघडणं म्हणजे भाड्याच्या खोलीत राहणं. मला लोकांना घरमालक करायचं आहे. बाईंनी विचारलं, खातं उघडायला पाच मिनिटं लागतात ना? म्हटलं, म्हणूनच नको.

४ सप्टेंबर, बुधवार

पहिला वर्ग. नावं बारा, आलेले तीन. विद्यार्थी कमी असले की शिकवणं खोल होतं.

एक, पोस्टमनकाका. निवृत्त. लॅपटॉप नाही म्हणून घरच्या संगणकाचा सीपीयू चादरीत बांधून खांद्यावरून आणला. दोन, चावीवाले. कोपऱ्यावर त्यांचं कुलुपांचं दुकान आहे. तीन, नर्सबाई. ड्यूटी संपवून थेट येतात आणि बसल्या की डोळे मिटतात. मिटल्या डोळ्यांनी त्या ऐकतात असं मी धरून चालले आहे.

आज फक्त डाउनलोड. दीड तासात एकोणीस टक्के झालं. तेवढ्या वेळात मी विचारस्वातंत्र्यावर बोलले. नर्सबाईंना छान झोप लागली.

९ सप्टेंबर, सोमवार

मार्गदर्शिका लिहून पूर्ण. चौतीस पानं, नऊ धडे. आठ लिहून झालेत, नववा सुचला की लिहीन, त्यासाठी शेवटी दोन पानं कोरी सोडली आहेत.

वर्गात वाटल्या. पोस्टमनकाकांनी वजनाचा अंदाज घेतला आणि याला दोन तिकिटं लागतील म्हणाले. चावीवाल्यांचं टेबल डुगडुगत होतं. आता डुगडुगत नाही.

एक प्रत घरी उरली. आई कपडे अल्टर करून देते. तिने ती शिलाई मशीनशेजारी ठेवून घेतली. कागदावर काहीतरी बेतायचं असेल.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

पासवर्डचा धडा. चावीवाल्यांनी एकतीस अक्षरांचा पासवर्ड घातला. कागदावर लिहून ठेवा म्हटलं तर दुखावले. चावी दारावर टांगायची का, म्हणाले. वीस मिनिटांनी आत जाता येईना. 'विसरलो' हा शब्द त्यांच्या धंद्याला शोभत नाही, म्हणून कुलूपच खराब आहे असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. सगळं पुसून परत टाकलं.

घसा बसला. पाय दुखतात. तीन माणसांना शिकवताना आपण तीन टेबलांमध्ये किती किलोमीटर चालतो, हे कोणी मोजत नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

यश! पोस्टमनकाकांच्या पडद्यावर पहिलं पान उघडलं. वर त्यांचं नाव, खाली रिकामी जागा. ते बराच वेळ बघत बसले. मग विचारलं, हे पोचणार कसं?

मी समजावलं की सध्या ते याच संगणकावर दिसतं. बाहेर सगळ्यांना दिसायला लागणं हा पुढचा, किरकोळ तांत्रिक भाग. धडा नऊ.

चाळीस वर्षं मी तो किरकोळ भागच केला, म्हणाले. माणूस गोड आहे, पण शंका फार काढतात.

६ ऑक्टोबर, रविवार

धडा नऊ आधी स्वतः करून बघायचं ठरवलं. माझा ब्लॉग घरच्या संगणकावर दोन वर्षं आहे. एक्केचाळीस लेख. एकूण भेटी सहाशे बारा. सगळ्या माझ्याच, पण वाचक म्हणून मी प्रामाणिक आहे.

एका लेखात वाचून रूटरच्या सेटिंगमध्ये गेले, तीन आकडे बदलले, एक बरोबरची खूण केली. काहीच झालं नाही. म्हणजे चुकलं नाही. आता संगणक दिवसभर चालू ठेवायचा आणि वाट बघायची.

आईला बजावलं की मी कामावर असताना बंद करू नकोस, पान उघडंच राहू दे, लोक वाचायला येतील. तिने विचारलं, मग खोली आवरून ठेवू का?

तिला किती समजावणार. ती मागे एकदा 'मला पण शिकव' म्हणाली होती. सवड झाली की शिकवीन.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आला!

भेटींच्या तक्त्यात लिहिलंय: दुपारी तीन-दहा. थांबले: पंचवीस मिनिटं. देश: अज्ञात. मी तेव्हा वाचनालयात चावीवाल्यांचा पासवर्ड चौथ्यांदा पुसत होते. म्हणजे मी नव्हे. म्हणजे जग.

धडा नऊ जमला. कसा जमला ते नंतर लिहून काढीन.

१४ ऑक्टोबर, सोमवार

रोज तीन-दहाला येतो. रविवारी आला नाही, मी दिवसभर संगणकावरच होते तरी. त्याच्या देशात रविवारी कामं असतील. जुन्या लेखांपासून क्रमाने वाचतोय. अभ्यासू आहे. मी आता रोज लिहिते आणि सुरुवात 'प्रिय वाचक' अशी करते.

कोपऱ्यात 'मंजुरीसाठी प्रतिक्रिया: २' असं दिसतंय. जाहिरातवाले असणार. उघडायच्या नाहीत. तत्त्व.

१६ ऑक्टोबर, बुधवार

थकले. ब्लॉगवर मन मोकळं केलं. वाचनालयाची लोखंडी खुर्ची पाठीत खुपते. डब्यात सलग चौथ्या दिवशी कोबी. हे घरी बोलून दाखवता येत नाही, आईला वाईट वाटेल. परक्या माणसाला सांगितलं की हलकं वाटतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आईने काल बसून खुर्चीसाठी उशी शिवली, मागे बांधायला नाड्यासुद्धा लावल्या. मी एका शब्दाने बोलले नव्हते. आईला न सांगता कळतं म्हणतात ते उगाच नाही.

डब्यात कोबी नव्हता. योगायोग.

मंजुरीसाठी प्रतिक्रिया: ४.

२१ ऑक्टोबर, सोमवार

बाईंनी कपाटामागे बोलावून घेतलं. कायम करायचं की नाही ते एकोणतीस नोव्हेंबरला ठरणार. समितीचे अध्यक्ष येऊन स्वतःच्या फोनवर ब्लॉग उघडून बघणार. तीनही उघडले तर जागा मंजूर, नाहीतर त्याच दिवशी शेवटचा दिवस. दुसरीकडे अर्ज करून ठेव, असंही म्हणाल्या. स्वभाव निराशावादी आहे. पुस्तकं मोजून मोजून होतं असं.

घरी काय सांगू? वर्कशॉपमध्ये बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय की मुलगी कायम झाली. तिथला फोरमन मला आता 'मॅडम' म्हणतो.

सगळं ब्लॉगवर लिहिलं. 'प्रिय वाचक, घरी मी खोटं बोलले आहे. नोकरी कायम नाही, बहुतेक जाईलही. हे फक्त तुला ठाऊक.'

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बाबांना हल्ली छोट्या जाहिरातींचा नाद लागलाय. पेपर नेमका त्याच पानावर दुमडून माझ्या ताटाशेजारी ठेवतात. आज एक चौकोन पेन्सिलने आखलेला होता: शाळेत कार्यालयीन सहायक हवी. कोणासाठी, विचारलं तर म्हणाले, वर्कशॉपमधल्या एकाची मुलगी आहे. बिचारीचं कठीण दिसतंय.

आई म्हणाली, नोकरी म्हणजे काही जन्माची गाठ नाही. संदर्भ कळला नाही. बहुधा त्या मुलीबद्दल.

४ नोव्हेंबर, सोमवार

प्रगतीचा आढावा. पोस्टमनकाका: बारा लेख, सगळे अक्षर मोठं करून. चावीवाले: पाचवं कुलूप, लेख शून्य, पण सॉफ्टवेअर अकरा मिनिटांत परत टाकतात, मान वर न करता. नर्सबाई: एक लेख. संपूर्ण लेख असा: 'आज वॉर्ड शांत होता.' वाचून मला कारण नसताना गलबलून आलं. लगेच म्हटलं, अजून विस्तार करा. त्या म्हणाल्या, विस्तार झाला तर शांत कसा?

पोस्टमनकाकांनी परत विचारलं, पोचणार कसं. सांगितलं की धडा नऊ मी घरी यशस्वी केलाय, इथे शेवटच्या आठवड्यात करू. ते चादरीची गाठ बांधत म्हणाले, तोवर मी माझं बघतो. काय बघतात देव जाणे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

बाईंनी सुचवलं की बाहेरून, दुसऱ्या कुठल्यातरी फोनवर माझा ब्लॉग उघडून एकदा खात्री कर. म्हटलं, रोज तीन-दहाला खात्री होतेच आहे.

आज आईने विचारलं, तुझ्या त्या वाचणाऱ्या माणसाला काय आवडतं? म्हटलं, त्याला माझे विचार आवडतात. ती म्हणाली, विचार लांबतात जरा, पण माणसांबद्दल लिहितेस ते बरं असेल. न वाचता इतकं अचूक बोलते. शिकली असती तर पुढे गेली असती.

प्रतिक्रिया: ९. जाहिरातवाले चिवट आहेत.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं तयार. वाचनालयाच्या रूटरमध्येही तेच तीन आकडे बदलले आणि खूण केली. काहीच झालं नाही, म्हणजे घरच्यासारखंच. फलक छापून भिंतीवर लावला. तीन ब्लॉग, तीन पत्ते. तिन्ही पत्ते '१२७.०.०.१' ने सुरू होतात आणि पुढे नाव. मार्गदर्शिकेच्या पान बारावर आहे तसेच. एकसंध दिसतात.

उद्या कायम. घरी तेव्हा खरं सांगीन, म्हणजे ते खोटं उरणारच नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी सहा

क्रमाने लिहिते.

अध्यक्ष चार वाजता आले. खुर्ची दिली, उशीसकट. त्यांनी फोन काढला, फलक बघून पहिला पत्ता घातला. पान सापडत नाही. दुसरा. पान सापडत नाही. तिसरा. मी म्हटलं, फोन जुना असेल. तो कालच घेतलेला होता.

मग पोस्टमनकाका उठले आणि फलकासमोर जाऊन उभे राहिले. तिघांचा नंबर एकच कसा, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पद्धतच आहे तशी. त्यांनी चावीवाल्यांच्या लॅपटॉपवर भेटींचा तक्ता काढायला लावला, मग नर्सबाईंच्या. येणाऱ्याचा पत्ता: १२७.०.०.१. सगळीकडे तोच, दर ओळीला.

"पोरी," ते म्हणाले, "प्रत्येक घराला जर हाच नंबर असेल, तर पत्र टाकणाऱ्याच्याच घरी परत येतं. हा 'आपलं घर' असा पत्ता आहे. बाहेरून कोणी यायचा रस्ता नाही यात."

चावीवाले हळूच म्हणाले की मग एवढ्या कुलुपांची गरज नव्हती.

अध्यक्षांनी विचारलं, म्हणजे तीन महिन्यांत एकाचंही कोणी वाचलेलं नाही? पोस्टमनकाका म्हणाले, माझं वाचलंय. अकरा घरांनी. सीपीयू खांद्यावर घेऊन ते घरोघर जातात, टीव्हीला जोडतात, लोक वाचतात, चहा होतो, परत येतात. रोज एक घर. म्हणून ती चादर.

अध्यक्ष म्हणाले, मग वही न्यायची की. काका म्हणाले, "बहिणीला अंधुक दिसतं. वहीतलं अक्षर मोठं करता येत नाही."

अध्यक्ष हसले, त्यांच्या पाठीवर थाप मारली, माझ्याकडे बघून खूप मेहनत घेतलीत म्हणाले. हे वाक्य कुठे वापरतात ते मला माहीत आहे. बाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं की सोमवारी येऊन प्रमाणपत्र घेऊन जा. वर्ग पुढे चालू राहणार आहे, तयार साइटवर, पाच मिनिटांत खातं. शिकवायला पोस्टमनकाका, मानद.

नर्सबाई जाताना माझ्याजवळ थांबल्या. म्हणाल्या, तुमच्या वर्गात मला जी झोप लागली तशी कुठेच लागत नाही. मनापासून म्हणाल्या. मी ते तसंच घेतलं.

उशी सोडून घेतली. नाड्यांची गाठ सुटता सुटेना.

२९ नोव्हेंबर. सात वाजता

घरी आले. आई मशीनवर होती, बाबा पेपर घेऊन. मी थेट संगणकापाशी. भेटींचा तक्ता उघडला. 'देश: अज्ञात'च्या पुढे एक रकाना आहे, तो दोन महिन्यांत कधी नीट पाहिला नव्हता.

पत्ता: १२७.०.०.१.

आपलं घर.

दुपारी तीन-दहा. आईचा जेवणानंतरचा पाठ टेकायचा वेळ.

प्रतिक्रिया: १४. उघडल्या. नाव सगळीकडे एकच: आई.

पहिली, नऊ ऑक्टोबरची: 'इथे लिहिलं तर चालतं का बघते आहे.'

सतरा ऑक्टोबर: 'कोबी नको होता तर सांगायचं. मलाही नको होता. बाबांना आवडतो म्हणून करते.'

बावीस ऑक्टोबर: 'नोकरीचं वाचलं. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तिच्या तोंडून येऊ दे. तू सांगशील तेव्हा आम्ही चकित होऊ.'

तेवीस ऑक्टोबर: 'बाबांनी फोरमनला सांगितलं की अजून कायम नाही. फोरमन म्हणाला, मॅडमच म्हणणार.'

पुढच्या सगळ्या वाचल्या नाहीत. शेवटची आज दुपारची होती: 'आज त्यांचा माणूस येणार ना. काही झालं तरी येताना दूध आण.'

दूध आणलं नव्हतं.

२९ नोव्हेंबर. आठ वाजता

दूध आणून दिलं. मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं की नोकरी गेली, ती कायम कधीच नव्हती, मी खोटं बोलले होते.

बाबांनी कपाळाला हात लावला. जरा उशिरा लावला. आई 'अगं बाई' म्हणाली, पण कढईवरून मान वर न करता. मग दोघं माझ्याकडे बघत राहिली, बरोबर झालं का विचारल्यासारखी.

मी म्हटलं, प्रतिक्रिया वाचल्या आहेत. बाबांना फार सुटल्यासारखं झालं. महिनाभर तोंड दाबून बसणं त्यांच्या अंगात नाही. पेन्सिलीने आखलेली सगळी कात्रणं त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवली. वर्कशॉपमधल्या त्या मुलीची काळजी आता करायला नको.

३० नोव्हेंबर, शनिवार

उशिरा उठले. कालपासून काही ठरवलेलं नाही. पहिल्यांदाच.

आईला विचारलं की प्रतिक्रिया द्यायला कोणी शिकवलं. म्हणाली, पान सत्तावीस. मार्गदर्शिका तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आहे, दोनदा. चौतीस पानांचा तो एकमेव वाचक निघाला. तिने हेही सांगितलं की पान एकोणतीसवर चौथी पायरी दोनदा आली आहे आणि पाचवी नाहीच, त्यामुळे तिला तिथे दोन दिवस अडकून राहावं लागलं.

शाळेचा अर्ज भरला. अनुभवाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना. बाबा म्हणाले, तीन जणांना शिकवलं असं लिही. आई मशीनवरून म्हणाली, चार.

चौदाही प्रतिक्रिया मंजूर केल्या. मग आईला म्हटलं, आता ब्लॉग बंद करते, तो फक्त तूच वाचतेस आणि मी तर इथे समोरच असते. काय हवं ते विचारत जा.

तिने दोरा दाताने तोडला.

"नको, वाचायलाच बरं पडतं," म्हणाली. "बोलायला लागलीस की तू शिकवतेस."

दुपारी तीनला बाहेर चक्कर मारून यावी म्हणते. संगणक चालू ठेवला आहे.